देणाऱ्यांनी मागायलाही शिकावं

(आपल्या कार्याला साहाय्य करणाऱ्या मंडळ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'माणसं एकमेकांच्या जवळ कशी येतात' हा विषय मला देण्यात आला आहे. पाळकसाहेब फोनवर म्हणाले, "ताई, तुम्ही वाड्यांवर फिरता, माणसांशी बोलता. थोडं मानसशास्त्र आणि थोडं पवित्र शास्त्र असं काहीतरी सांगा." मी मानसशास्त्राची पंडित नाही. थिऑलॉजीचा डिप्लोमा केला, आणि पुढचं शिक्षण कातकरी वाड्यांवर झालं. गरजेपोटी या विषयावरची काही पुस्तकंही वाचली. त्यामुळे आज एकच गोष्ट सांगणार आहे. ती मला उशिरा कळली, आणि कळण्याआधी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तिथूनच सुरुवात करते.

रायगड जिल्ह्यातली एक वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढची गोष्ट एका घराच्या दुःखाची आहे. त्या वाडीवर मी चार वर्षं जात होते. जूनमध्ये दप्तरं आणि वह्या, मधल्या काळात औषधं, आणि दिवाळीनंतर ब्लँकेटं. आपण सर्वांनी पाठवलेलीच ती ब्लँकेटं. मी टेबल मांडायचे, रजिस्टर उघडायचे, माणसं रांगेत उभी राहायची. एकेकाचा अंगठा किंवा सही घ्यायची आणि वस्तू हातात द्यायची. देताना मी विचारायचे, "कसं काय, बरं आहे ना?" समोरून उत्तर यायचं, "हो ताई, बरं आहे." अहवालात मी लिहायचे, 'वाडीशी आपले संबंध उत्तम आहेत.'

चौथ्या वर्षी त्या रांगेत एक सून उभी होती. अंगावर पदर घट्ट ओढलेला. आठवा महिना होता. तिलाही मी विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हो ताई." मी ब्लँकेट दिलं आणि पुढचं नाव पुकारलं. तिचे पाय सुजलेले होते, चार-पाच दिवस डोकं दुखत होतं. हे वाडीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. माझी जीप दहा पावलांवर उभी होती. तीन दिवसांनी ते कुटुंब वीटभट्टीवर निघून गेलं, कारण उचल आधीच घेतलेली होती. भट्टीवरच एका रात्री ती बाळंत झाली. बाळ वाचलं नाही. तिला नंतर दवाखान्यात नेलं, आणि प्रभूची कृपा की ती वाचली.

पावसाळ्याच्या तोंडावर माणसं भट्टीवरून परतली, तेव्हा मी तिच्या सासूजवळ जाऊन बसले. माझ्या मनात दुःख होतं आणि, खरं सांगते, थोडा रागही होता. मी विचारलं, "मावशी, मी तीन दिवस आधी इथंच होते. मला एक शब्द का नाही सांगितला?"

ती बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुमचं आधीच किती घेतलंय आम्ही. आणखी कुठल्या तोंडानं सांगायचं?"

बंधू-भगिनींनो, हे वाक्य मी कित्येक महिने डोक्यात घेऊन फिरले. माझी समजूत होती की आपण जितकं जास्त देऊ तितकी माणसं आपल्याजवळ येतील, मोकळी होतील. इथं नेमकं उलट झालं होतं. माझ्या देण्यानं तिचं तोंड बंद झालं होतं.

असं का व्हावं? ही शंका मला पुस्तकांकडे घेऊन गेली.

माणसांना एकमेकांविषयी ओढ का वाटते, यावर अभ्यासकांनी पुष्कळ काम केलं आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. मैत्री जुळण्यात दारं किती जवळ आहेत आणि जाता-येता गाठ किती वेळा पडते, याचा मोठा वाटा असतो असं त्यांना दिसलं. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर आली तरी ती आपल्याला थोडी आवडू लागते. हे वाचून मी अधिकच गोंधळले. मी तर चार वर्षं नेमानं जात होते. पण प्रत्येक वेळी मी टेबलाच्या एका बाजूला होते आणि ती माणसं दुसऱ्या बाजूला. आमची गाठ अनेकदा पडली, पण दर वेळी त्याच दोन जागांवरून.

उत्तर सापडलं ते मदतीच्या मानसशास्त्रात. हो, असाही एक विषय आहे. मदत घेणाऱ्याच्या मनात काय चालतं, यावर झालेल्या संशोधनाचा आढावा फिशर, नॅडलर आणि त्यांच्या सहकारी संशोधक यांनी १९८२ साली घेतला. त्यातली एक मुख्य गोष्ट आपणां सर्वांना घरच्या अनुभवानंही पटेल. मदत माणसाला आधार देते, आणि तीच मदत त्याच्या स्वाभिमानाला टोचूही शकते. 'माझी कुणाला तरी काळजी आहे' आणि 'मी कमी आहे, माझं मला निभावत नाही' असे दोन्ही निरोप एकाच ब्लँकेटातून पोचतात. परतफेडीची काही वाटच नसेल, तर दुसरा निरोप मोठा होत जातो.

आणखी एक प्रयोग आहे, केनेथ गर्गन आणि सहकाऱ्यांचा, १९७५ सालचा. तो अमेरिका, स्वीडन आणि जपान अशा तीन देशांत केला गेला. काही जणांना एक खेळ खेळायला बसवलं. एखाद्याजवळची नाणी संपत आली की दुसऱ्या खेळाडूकडून दहा नाणी आणि एक चिठ्ठी यायची. काहींच्या चिठ्ठीत होतं की परत करायची गरज नाही. काहींच्या चिठ्ठीत होतं की नंतर तेवढीच परत करा. आणि काहींना व्याजासकट परत मागितली होती. नंतर विचारलं की हा देणारा माणूस तुम्हाला कसा वाटला? आपल्याला वाटेल, फुकट देणारा सर्वांत आवडला असेल. तसं झालं नाही. जेवढं दिलं तेवढंच परत मागणारा सर्वांत जास्त आवडला. त्यानं समोरच्याला आपल्या बरोबरीचं मानलं होतं.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. निरनिराळ्या समाजांतल्या रीती पाहून त्यांनी मांडलं की द्यावं, घ्यावं आणि परत द्यावं अशा तीन जबाबदाऱ्या मिळून माणसांचं नातं बनतं. आपण या तिघांपैकी एकच उचलतो, आणि मग नातं का होत नाही म्हणून खंत करतो.

कातकरी बांधवांच्या बाबतीत याला आणखी एक धार आहे. दर वर्षी पाऊस सरला की वाडीवर हातात काहीतरी घेऊन येणारा पहिला माणूस कोण असतो? भट्टीचा मुकादम. तो उचल देतो. आजारपणाला देतो, लग्नाला देतो, सणाला देतो. आणि मग ते कुटुंब पोराबाळांसकट दिवाळीनंतर भट्टीवर जातं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततं. पुष्कळदा हिशेब फिटतच नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला, पण उचलीची ही गाठ अजून अनेक घरांत सुटलेली नाही. म्हणजे 'देणारा' या शब्दाचा त्या वाडीतला अर्थ काय? जो आज देतो आणि उद्या बांधून नेतो तो. माझं रजिस्टर आणि त्यावरचे अंगठे पाहून त्या सासूला कुणाची आठवण होत असेल, हा विचार मी चार वर्षांत एकदाही केला नव्हता.

आता दुसरी गोष्ट सांगते. हिच्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. देवानं पाऊस पाठवला.

त्याच वर्षीच्या जुलैत मी वाडीवर गेले असताना मागच्या ओढ्याला पाणी आलं. गाडी पलीकडे, मी अलीकडे. अंधार पडला. मी नखशिखान्त भिजलेली, दात वाजत होते. एका आजीच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आजी, फार थंडी वाजतेय. नेसायला कोरडं काही मिळेल का?"

चार-पाच वर्षांत त्या वाडीवर मी कुणाकडे काही मागितल्याचं ते पहिलंच वाक्य होतं.

आजीनं आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग हसली. पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून धुतलेलं लुगडं काढलं. तिच्याकडे दोनच होती, एक अंगावर आणि एक हे. तिनंच ते मला नेसवलं, कारण मला जमेना. सुनेनं कोरा चहा केला. रात्री तांदळाची भाकरी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. ताई आजीच्या लुगड्यात बसल्यात ही बातमी पसरली आणि बायका एकेक करून बघायला आल्या. खूप हसल्या. त्या हसण्यात मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले होते. मध्ये टेबल नव्हतं.

त्या रात्री मला तीन गोष्टी कळल्या. एका पोरीला दोन महिने खोकला होता आणि ती वाळत चालली होती. तपासणीत तो क्षयरोग निघाला आणि वेळेवर औषध सुरू झालं. एका घराचं रेशनकार्ड गहाण पडलं होतं. आणि तिसरी गोष्ट आजीनं चेष्टेत सांगितली, "ताई, तुमची ब्लँकेटं चांगली, पण भट्टीवरच्या खोपटात वरून दव गळतं ना, ती रात्रीत भिजतात. ताडपत्री दिली असती तर पोरं कोरडी राहिली असती." चार वर्षं, बंधू-भगिनींनो! चार वर्षं आपण ब्लँकेटं वाटत होतो, आणि ताडपत्री हवी हे सांगायला त्यांना कुणी जागाच दिली नव्हती. आपल्या यादीत ब्लँकेटांच्या जागी ताडपत्री का आली, असं काहींनी मला विचारलं होतं. त्याचं उत्तर हे आहे.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा आजी लांबूनच ओरडली, "माझं लुगडं आणलं का?" मी धुऊन, घडी करून आणलं होतं. त्या ओरडण्यात जो हक्क होता, तो चार वर्षांत माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. आता मी तिची देणेकरी होते, आणि म्हणून ती मला ओरडू शकत होती.

हे काय घडलं, याचंही स्पष्टीकरण पुस्तकात मिळालं. बेंजामिन फ्रँकलिन हे अमेरिकेच्या इतिहासातलं मोठं नाव. त्यांनी आत्मचरित्रात एक अनुभव लिहून ठेवला आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेत ते कारकून म्हणून १७३६ साली निवडले गेले. पुढच्या वर्षी पुन्हा निवडीच्या वेळी एका नव्या सभासदानं त्यांच्या विरोधात लांबलचक भाषण केलं. फ्रँकलिननी त्याची खुशामत केली नाही, त्याला भेटही पाठवली नाही. त्याच्या संग्रहात एक दुर्मीळ पुस्तक आहे असं ऐकून त्यांनी ते काही दिवसांसाठी वाचायला मागितलं. त्यानं लगेच पाठवलं. आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह ते परत गेलं. पुढच्या भेटीत तो माणूस आपणहून बोलला, आणि ती मैत्री त्याच्या मरणापर्यंत टिकली.

याची पारख जेकर आणि लँडी या दोघांनी १९६९ साली केली. त्यांनी काही जणांना एका स्पर्धेत पैसे जिंकू दिले. नंतर काहींना संशोधक स्वतः भेटून म्हणाला, "हा प्रयोग मी माझ्या पैशानं चालवतोय, ते संपत आलेत, तुम्ही जिंकलेले परत कराल का?" काहींना तीच विनंती कचेरीतल्या सेक्रेटरीनं विभागाच्या निधीसाठी केली. बाकीच्यांकडे कुणी काही मागितलं नाही. शेवटी विचारलं की हा संशोधक तुम्हाला किती आवडला? ज्यांनी त्याच्या हातात स्वतःचे पैसे परत दिले होते, त्यांना तो सर्वांत जास्त आवडला. ज्यांना पैसे ठेवू दिले त्यांच्याहूनही जास्त. आणि ज्यांच्याकडे विभागाच्या नावानं मागितलं, त्यांना सर्वांत कमी.

कारण असं सांगतात की माणूस आपल्या वागण्यावरून आपलं मन ओळखतो. 'मी याच्यासाठी काहीतरी केलं, म्हणजे हा माणूस मला बरा वाटत असला पाहिजे', असं आत कुठेतरी जुळतं. मला मात्र याहून साधं कारण दिसतं. ज्याच्याकडे आपण मागतो, त्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे, हे आपण कबूल करतो. दर वर्षी रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला हे कुणीच सांगत नाही.

आता आपण शास्त्राकडे येऊ. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. बायबल कॉलेजात आम्ही त्यावर टिपणं काढली, जिवंत पाण्यावर पानंच्या पानं लिहिली. पण त्या संभाषणाची सुरुवात कशानं होते, इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. भर दुपार. सूखार गावाजवळ याकोबाची विहीर. शिष्य अन्न विकत घ्यायला गेलेले. प्रभू थकून बसले आहेत, तहानलेले आहेत, आणि पाणी काढायला काही नाही. शोमरोनी स्त्री येते. जिवंत पाणी ज्याच्याजवळ आहे, तो आधी तिच्याकडे पाणी मागतो. तिला धक्का बसतो, कारण यहूदी माणूस शोमरोनी माणसाशी असा व्यवहार ठेवत नसे, आणि इथं तर तिच्याच भांड्यातून पिण्याची गोष्ट होती. तिच्या आयुष्यातलं दुखरं बोलणं पुढं निघतं, पण आधी तिला देणारी होण्याचा मान मिळालेला असतो. आणि शेवटी तीच घागर तिथं ठेवून गावात धावत जाते.

पाण्याचा मान काय असतो, हे आपल्या रायगडात तरी समजावून सांगायला नको. याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. कुणाचं पाणी चालतं आणि कुणाचं चालत नाही, यावर आपल्याकडे माणसाची किंमत ठरत आली आहे. आणि आपण वाडीवर जाताना पाण्याच्या सीलबंद बाटल्या घेऊन जातो, त्यांच्यासमोर उघडून पितो. पोट बिघडू नये एवढाच आपला हेतू असतो. पण समोरच्याला दिसतं ते वेगळंच असतं.

ही दृष्टी आली की शुभवर्तमानात प्रभू जागोजागी मागताना दिसतात. शिमोनाकडे होडी मागतात. जक्कयाकडे उतरायला जागा मागतात, तीही भर गर्दीत, मोठ्यानं. यरुशलेमेत शिरायला शिंगरू उसनं आणतात. शेवटच्या भोजनाची माडीवरची खोलीही दुसऱ्याची. आणि शिष्यांना पाठवताना थैली नेऊ नका, ज्या घरी जाल तिथं समोर येईल ते खा, अशी आज्ञा देतात. मला वाटतं, ही पैसे वाचवायची युक्ती नव्हती. शिष्यांनी लोकांच्या घरात पाहुणे म्हणून शिरावं, दाते म्हणून नव्हे, अशी ती योजना होती.

इथं कुणीतरी म्हणेल, आणि मागे एका सभेत एका बंधूंनी म्हटलंही होतं, "ताई, गरिबांकडून आपण घ्यायचं? हे शोभतं का?" प्रश्न योग्य आहे. मी त्यांना पहिल्या राजांच्या पुस्तकातल्या सारफथच्या विधवेची आठवण दिली. एलीयानं दुष्काळात जिच्याकडे भाकर मागितली, तिच्या घरात शेवटचं मूठभर पीठ उरलं होतं. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल प्रभूच्या ज्या वचनाची आठवण देतो ते सर्वांना पाठ आहे, घेण्यापेक्षा देण्यात धन्यता अधिक आहे असा त्याचा भाव. आपण ते देणगीच्या पाकिटांवर छापतो. मग माझा प्रश्न असा की ही मोठी धन्यता सगळी आपणच का ठेवून घ्यावी? वाडीला तिचा वाटा नको का?

मात्र यात घसरायच्या जागा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत, कारण मी स्वतः घसरले आहे.

पहिली म्हणजे नाटक. गरज नसताना मागितलेलं लगेच ओळखू येतं. लुगड्याच्या प्रसंगानंतर उत्साहात मी एका घरी उगीचच सुई-दोरा मागितला. त्या बाईनं माझ्या बॅगेकडे पाहिलं, त्यात सुई-दोरा दिसत होता. ती काही बोलली नाही, मीच ओशाळले.

दुसरी म्हणजे भार. तुम्ही जेवायला थांबता म्हटल्यावर घरातली एकुलती कोंबडी कापली जाईल. तेव्हा आधीच सांगावं, "मावशी, जे रोज करता तेच." जे त्यांच्या हातात मुबलक आहे ते मागावं: चहा, गोष्ट, गाणं, वाट दाखवणं, शिकवणं.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. पाणी मागून झाल्यावर खिशातून आपली यादी काढायची नाही. लहान विनंतीला 'हो' म्हटलेला माणूस पुढच्या मोठ्या विनंतीलाही 'हो' म्हणण्याकडे झुकतो, हे फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६ सालीच दाखवलं आहे, आणि विक्रेत्यांना ते चांगलं ठाऊक आहे. आपण तसं केलं तर आपल्यात आणि मुकादमात फरक काय राहिला? नातं हेच जिथं काम आहे, तिथं नात्याचा गळ करायचा नसतो.

आता त्या सुनेविषयी सांगून संपवते. बाळ गेल्यानंतर ती जवळजवळ मुकी झाली होती. मी समजूत घालायला गेले की आत निघून जायची. मग मी समजूत घालणं सोडलं. पहिल्या पावसानंतर रानात शेवळं येतात. आपल्यापैकी कोकणातल्यांना माहीत आहेत. नीट केली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं किंवा चिंच घालावी लागते. मला ती भाजी येत नव्हती, खरंच येत नव्हती, दोनदा घसा खाजवून घेतला होता. मी तिला म्हटलं, "मला शेवळं करायला शिकवशील का?" तिनं मान हलवली. चुलीपाशी बसून ती सांगत गेली, कुठला भाग काढून टाकायचा, किती बारीक चिरायचं, काकडं कधी घालायची. मी चुकले की ओरडायचीही. भाजीवर बोलता बोलता एक दिवस ती बाळावर बोलली. मी काही बोलले नाही. त्या दिवशी मी तिची विद्यार्थिनी होते, आणि विद्यार्थिनीनं ऐकायचं असतं.

दोन वर्षांनी, जूनच्या पहिल्या पावसात ती आमच्या कार्यालयात आली. एकटी, चालत. हातात शेवळांची जुडी होती. ती तिनं माझ्या टेबलावर ठेवली, आणि मग खुर्चीवर बसून म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत. पाय सुजायला लागलेत." त्याच दुपारी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. शेवटपर्यंत लक्ष ठेवलं. दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

ती शेवळं आधी आणि पाय सुजल्याचं नंतर, हा क्रम कृपा करून लक्षात ठेवा. रिकाम्या हातानं ती कदाचित आलीच नसती.

म्हणून आपणां सर्वांना माझ्या तीन विनंत्या आहेत. येत्या डिसेंबरात जे वाडीवर येणार आहेत, त्यांनी वाटपाच्या रांगेचे फोटो काढू नयेत. आम्हीही आता टेबल मांडत नाही. वाडीतल्या बायकाच यादी करतात आणि घरोघर पोचवतात. तुम्ही एखाद्या घरात बसा, कोरा चहा मागून प्या. पाणी उकळलेलं असतं, काळजी नको. दुसरी, 'तुम्हाला काय हवं आहे' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून 'हे मला शिकवाल का' असं विचारून पाहा. आणि तिसरी, कापणीच्या सणाला वाडीवरून तांदूळ, करांदे, सुकी मासळी असं काहीबाही मंडळीसाठी येतं. ते 'असू दे, तुम्हालाच राहू दे' म्हणून परत करू नका. आपल्या अर्पणाबरोबर ठेवा, आणि देणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आपल्या नावांच्याच ओळीत वाचा.

आपण पाठवता ती ताडपत्री, औषधं आणि वह्या यांची गरज आहेच, आणि त्यासाठी वाडीच्या वतीनं मी आभार मानते. पण देताना हात थोडा खालीही धरून बघा. त्यात कुणीतरी काहीतरी ठेवील.

प्रभू आपल्याला मागण्याचीही नम्रता देवो. आमेन.